सहा महिन्यांत उभं राहिलं, पस्तीस वर्षांनंतरही गजबजलेलं : मडगावच्या फातोर्डा स्टेडियमची गोष्ट

रत्नागिरी : ऑक्टोबर २०२५ मध्ये कोकणातल्या अनेक मोबाईलवर एकच चर्चा होती. रोनाल्डो गोव्यात येणार! सौदी अरेबियाचा अल नस्र हा संघ एफसी गोवाविरुद्ध आशियाई स्पर्धेतला सामना खेळायला मडगावला येणार होता आणि रोनाल्डो त्या संघाचा खेळाडू. शेवटी तो आलाच नाही. संघ मात्र आला, २२ ऑक्टोबरला सामना झाला आणि गोव्याने तो १-२ असा हरला तरी झुंज चांगली दिली. हा सामना ज्या मैदानावर झाला ते मैदान रत्नागिरीहून कोकण रेल्वेने गेलं तर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. सकाळी जनशताब्दी धरायची, दुपारी मडगावला उतरायचं, रिक्षाने पुढे फातोर्डा.

आपल्याकडच्या पोरांना वानखेडे ठाऊक असतं. कुठे आहे, किती मोठं आहे, कोणी कुठला सिक्स मारला, सगळं तोंडपाठ. पण कोकणपट्टीत आंतरराष्ट्रीय दर्जाचं फुटबॉलचं मोठं स्टेडियम हाकेच्या अंतरावर आहे, ते कसं उभं राहिलं, आज तिथे काय काय चालतं, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

आधी खेळ आला, मग स्टेडियम

गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला असं बहुतेकांना वाटतं. तिथे सांगितली जाणारी हकीकत वेगळी आहे. १८८३ च्या सुमारास फादर विल्यम लायन्स नावाचे ब्रिटिश पाद्री शिवोलीला आले आणि त्यांनी शाळेतल्या मुलांना हा खेळ शिकवला, असं सांगतात. पुढे चर्चच्या शाळा, गावागावातली मैदानं आणि भात कापून मोकळी झालेली शेतं यांतून खेळ पसरला. आपल्याकडे सुगी झाली की मळ्यात स्टंप ठोकतात. तिथे सुगी झाली की बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात. माती तीच, भातही तेच, खेळ तेवढा वेगळा.

गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९५९ साली झाली, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या दोन वर्षं आधी. मुक्तीनंतर धेंपो, साळगावकर अशा उद्योगांनी आपापले संघ उभे केले. राज्याच्या संघाने १९८३ मध्ये संतोष करंडक बंगालबरोबर वाटून घेतला आणि पुढच्याच वर्षी एकट्याने जिंकला. त्या दोन्ही वेळी गोलकीपर आणि कर्णधार होते ब्रह्मानंद शंखवाळकर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एवढं सगळं होतं, पण मोठे सामने घ्यायला जागा अपुरी पडायची. मडगावात जुनं राजेंद्रप्रसाद स्टेडियम होतं, वास्कोत टिळक मैदान होतं. टिळक मैदान हे नाव रत्नागिरीकराच्या कानाला लगेच ओळखीचं वाटेल. तरीही हजारोंची गर्दी सामावणारं आधुनिक स्टेडियम नव्हतं.

ते आलं १९८९ साली. पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं म्हणून त्यांचंच नाव दिलं गेलं. कागदावर हे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. लोकांच्या तोंडी मात्र गावाचं नाव, फातोर्डा. काम अवघ्या सहा महिन्यांत पुरं केलं असं सांगितलं जातं. आपल्याकडे साकवाचं काम किती वर्षं रेंगाळतं ते आठवलं की हा आकडा जास्तच नजरेत भरतो.

फुटबॉलच्या घरात क्रिकेटचा पाहुणा

गंमत म्हणजे या स्टेडियमचं नाव देशभर पहिल्यांदा गाजलं ते क्रिकेटमुळे. २५ ऑक्टोबर १९८९ ला नेहरू कप स्पर्धेतला ऑस्ट्रेलिया-श्रीलंका एकदिवसीय सामना इथे झाला. पुढची अठरा-वीस वर्षं अधूनमधून क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने होत राहिले. ६ एप्रिल २००१ चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना जुन्या लोकांना अजून आठवत असेल. मालिका २-२ अशी बरोबरीत होती आणि हा निर्णायक सामना होता. लक्ष्मणने शतक ठोकलं, तरी सामना आणि मालिका ऑस्ट्रेलियाने नेली. त्या दिवशी मैदानाबाहेर बनावट तिकिटांचा मोठा गोंधळ झाला. खरं तिकीट खिशात असूनही कित्येकांना आत जाता आलं नाही. प्रकरण पुढे पोलिसांत गेलं.

फेब्रुवारी २००७ मध्ये भारत-श्रीलंका सामना झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामना ठरला होता, पण पाऊस आणि ओल्या मैदानामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट या मैदानावरून गेलं ते गेलंच.

यात कोणाचं चुकलं असं नाही. हे दोन खेळ एका मैदानावर सुखाने नांदत नाहीत, आणि त्याचं कारण साधं आहे. क्रिकेटला मधोमध बावीस यार्डांची घट्ट मातीची, रोलर फिरवून दाबलेली पट्टी लागते. फुटबॉलला नेमकी तीच जागा मऊ आणि गवताची हवी असते, कारण सगळ्यात जास्त पळापळ मैदानाच्या मध्यावरच होते. घट्ट पट्टीवर चेंडू वेडावाकडा उसळतो, पडलेल्याचे गुडघे सोलतात. उलट, फुटबॉलच्या बुटांचे खिळे त्या पट्टीची पार वाट लावतात. शिवाय आकाराचा प्रश्न वेगळाच. क्रिकेटची सीमारेषा पीचच्या मध्यापासून साधारण ५९ ते ८२ मीटर असते, म्हणजे मैदान गोल आणि ऐसपैस लागतं. फुटबॉलचं मैदान आयताकृती, रुंदी फक्त ६८ मीटर. दोन्ही खेळ बसवायचे म्हटलं की फुटबॉलचा प्रेक्षक खेळापासून लांब जातो. त्यामुळेच खास फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियमात पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूचा श्वास ऐकू येतो, आणि दोन्ही खेळांसाठी बांधलेल्यात येत नाही.

गोव्याचा सुवर्णकाळ

फुटबॉलने स्टेडियम लवकरच वसूल केलं. १९९० साली संतोष करंडकाची अंतिम फेरी मडगावात झाली आणि गोव्याने केरळला २-० ने हरवलं. १९९९ मध्ये दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा इथे भरली. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला २-० ने नमवलं.

मग आली आय-लीग. २००७-०८ ला ही राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याच्या क्लबांनी नेली. धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन, साळगावकरने एक. गोव्याची अख्खी लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढी सुद्धा नाही. एवढ्याशा राज्याने कोलकाता, मुंबई, बंगळूर सगळ्यांना सहा वर्षं मागे ठेवलं. गावोगावची मैदानं, शाळांच्या स्पर्धा आणि त्यावर मोठ्या सामन्यांसाठी फातोर्डा अशी ती उतरंड होती. नुसत्या स्टेडियमने हे झालं नसतं.

ही उतरंड पुढे डळमळली हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आली. नवे संघ, नवा पैसा, टीव्हीवर रोज संध्याकाळी सामना. आय-लीगचं महत्त्व घटलं. जून २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं आणि धेंपोनेही तीच वाट धरली. ज्या क्लबांनी खेळाडू घडवले ते राष्ट्रीय पातळीवरून बाजूला झाले आणि फातोर्डा नव्या संघाचं, एफसी गोवाचं, घर बनलं. आयएसएलमुळे पैसा आणि प्रेक्षक आले हे खरं. पण जुन्या क्लबांच्या वाताहतीची खंत तिथल्या वयस्क प्रेक्षकांना अजून आहे आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

नवं छत, नव्या खुर्च्या, शेवटच्या मिनिटाचा चटका

जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया गेम्स झाले. पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांची ही स्पर्धा. त्यासाठी फातोर्डाचा कायापालट झाला. प्रेक्षागृहावर छत आलं, खुर्च्या बसल्या. पायऱ्यांवर बसायचं असलं की माणसं दाटीवाटीने मावतात, प्रत्येकाला खुर्ची दिली की संख्या घटते. म्हणून पूर्वी पंचवीस हजारांच्या वर लोक बसायचे तिथे आता सुमारे एकोणीस हजारच बसतात. पण पावसात भिजत नाहीत.

२० डिसेंबर २०१५ ला आयएसएलचा अंतिम सामना इथे झाला. घरचा संघ गोवा विरुद्ध चेन्नईयिन. सत्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू गोव्याच्याच गोलकीपरला लागून जाळ्यात गेला. २-२. जादा वेळेत मेंडोझाने तिसरा गोल मारला आणि करंडक चेन्नईला गेला. तीन-चार मिनिटांत सगळं संपलं. फातोर्डात त्या रात्री असलेला माणूस आजही हा सामना पहिल्या गोलापासून सांगायला लागतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक भारतात झाला. फातोर्डावर इराणने जर्मनीला ४-० असं धुतलं. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडने अमेरिकेला ४-१ ने हरवलं, त्यात रियान ब्रूस्टरने तीन गोल केले. २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे उपांत्य सामनेही याच मैदानावर झाले.

करोनाच्या काळात तर फातोर्डाने अख्खी लीग खांद्यावर घेतली. २०२०-२१ चा आयएसएल हंगाम प्रवास टाळण्यासाठी पूर्णपणे गोव्यात झाला. अकरा संघ आणि तीन मैदानं, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. प्रेक्षक एकही नाही. १३ मार्च २०२१ ला रिकाम्या खुर्च्यांसमोर मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला शेवटच्या मिनिटाच्या गोलाने २-१ असं हरवून करंडक उचलला. मुंबईच्या संघाचा तो पहिला आयएसएल करंडक आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही. पुढचा हंगामही गोव्यातच झाला, पण मार्च २०२२ च्या अंतिम सामन्याला दारं उघडली आणि केरळहून पिवळ्या जर्सीतल्या लोकांचे लोंढे आले.

स्टेडियमचे उपयोग फुटबॉलपुरतेच राहिले नाहीत. २६ ऑक्टोबर २०२३ ला ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते इथेच झालं. मोठे सरकारी सोहळे म्हटले की हजारो माणसं बसवायला जागा लागते आणि स्टेडियम तयारच असतं. यात एक धोका असतो. गवतावर मंच, खुर्च्या आणि गाड्या आल्या की खालची माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत पाणी जिरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि गवत पिवळं पडतं. पुन्हा नीट व्हायला काही आठवडे जातात. आपल्या गावच्या शाळेच्या पटांगणावर सभामंडप घातल्यावर पावसाळ्यात तिथेच का तळं साचतं, त्याचं उत्तरही हेच.

एवढ्या पावसात मैदान कोरडं कसं?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गोव्यातही थोड्याफार फरकाने तेवढाच. एक हिशेब करून बघा. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७१४० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर या एका मैदानावर सात लाख लिटरच्या वर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे सत्तर टँकर!

हे पाणी घालवण्यासाठी चांगल्या मैदानाची खरी बांधणी जमिनीखाली असते. सगळ्यात तळाला सपाट केलेली जमीन, त्यात ठरावीक अंतरावर चर आणि चरांत भोकं असलेले पाइप. त्यावर खडी, खडीवर बारीक खडी, मग रेतीचा जाड थर आणि सगळ्यात वर रेती-माती मिसळलेला थर, ज्यात गवत रुजतं. मैदान दिसायला सपाट असलं तरी मध्यावर किंचित उंच आणि कडांकडे उतरतं केलेलं असतं. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. भाताच्या खाचरात पाणी अडवायचं असतं, इथे नेमकं उलटं करायचं असतं.

आपल्याकडची अडचण जांभ्याची आहे. सड्यावर जागा भरपूर आणि सपाट, पण वर मातीचा पापुद्रा फक्त. नुसता सडा साफ करून खेळायला लागलात तर पडलेला पोरगा दवाखान्यात जाणार. मळ्यात माती आहे, पण पावसाळ्यात तिथे पीक असतं आणि नंतर ढेकळं. म्हणजे माती आणून भरणं किंवा कृत्रिम गवत घालणं असे दोन मार्ग उरतात. गोव्यातल्या म्हापशाजवळच्या धुळेर मैदानावर आणि मुंबईच्या कूपरेजवर कृत्रिम गवत घातलं गेलं. ते पावसात चालतं, दिवसातून कितीही तास खेळता येतं. पण उन्हाळ्यात तापतं, घसरून पडलं तर कातडी जाते आणि काही वर्षांनी अख्खं बदलावं लागतं. त्या बदलाच्या खर्चाची तरतूद पहिल्याच दिवशी केली नाही तर मैदान फाटक्या सतरंजीसारखं दिसू लागतं.

घाटापलीकडचं दुसरं उदाहरण

फुटबॉलसाठी गोव्यालाच जायला हवं असंही नाही. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथलं राजर्षी शाहू स्टेडियम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, चालवते. तिथे संघ कंपन्यांचे नाहीत, पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, फुलेवाडी. कुस्तीच्या तालमीतून फुटबॉलचा संघ निघावा हे कोल्हापुरातच होऊ शकतं. सामन्याला अख्खी पेठ लोटते. कधीकधी ईर्षा हाताबाहेर जाऊन हाणामारीही होते, सामने थांबतात, हे तिथलेच लोक कबूल करतात. पण याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या त्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. स्टेडियम फातोर्डाएवढं झगमगीत नाही, तरी हंगामात ते वापरलं जातं आणि कोणाचं तरी आहे. फातोर्डा सरकारचं, शाहू स्टेडियम संघटनेचं. दोन्हीकडे गवत कोण कापतो, पाणी कोण मारतो आणि कुलपाची किल्ली कोणाकडे, हे ठरलेलं आहे.

आपल्या तालुक्यांत घोडं इथेच पेंड खातं. मैदान मंजूर होतं, कुंपण होतं, फलक लागतो, मग दोन पावसाळ्यांत रान माजतं.

गावाला किती जागा लागेल?

पूर्ण मापाचं मैदान साधारण ७१ गुंठ्यांत बसतं. चारी बाजूंना मोकळी जागा धरली तर दोन एकर. गावात एवढी सलग जागा मिळणं कठीण, पण मुलांना ती लागतही नाही. अकरा-बारा वर्षांची मुलं नऊ-नऊ जणांचा खेळ खेळतात, त्याला साधारण ७३ बाय ४६ मीटर, म्हणजे ३३-३४ गुंठे पुरतात. त्याहून लहान मुलांच्या सात-सात जणांच्या खेळाला ५५ बाय ३७ मीटर, वीस गुंठे. एवढी जागा बहुतेक हायस्कूलच्या आवारात असते. त्यावर मातीचा थर, दोन बाजूंना चर, दोन गोलपोस्ट एवढं झालं तरी सुरुवात होते. गोलपोस्ट मात्र जमिनीत घट्ट रोवलेले किंवा मागून वजन टाकून बांधलेले हवेत. सैल गोलपोस्ट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

सामना बघायला जायचं असेल तर

फातोर्डा स्टेडियम मडगावच्या कदंब बसस्थानकाजवळ आहे, रेल्वे स्टेशनपासून रिक्षाने थोडा वेळ लागतो. तिकिटं ऑनलाइन मिळतात, सामन्याचा दिवस आणि वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासून घ्यावी, कारण वेळापत्रक बदलतं. मोठी बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक सहसा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये किंवा ओळखीच्या घरी ठेवावं. संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊच्या सुमारास संपतो. कोकणकन्या तोवर मडगाव सोडून गेलेली असते. त्यामुळे रात्रीच्या सामन्याला जाणाऱ्याने मुक्कामाची सोय आधी करावी, नाहीतर पाच वाजताचा सामना निवडून परतीच्या उशिराच्या गाडीचं आरक्षण आधीच करून ठेवावं.